रात्री नऊ वाजताचा वेग छापा

ब्रॉडबँडच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला की उत्तरं ठरलेली येतात. आम्ही शंभर एमबीपीएस म्हटलंच नव्हतं, शंभरपर्यंत म्हटलं होतं. नेटवर्क सगळ्यांचं सामायिक असतं. दोष तुमच्या वायफायचा आहे. काही जण बेसुमार डेटा ओढतात, म्हणून मर्यादा घालावी लागते. एवढ्या स्वस्तात आणखी काय हवं? आणि शेवटी, पटत नसेल तर दुसरी कंपनी घ्या. ही उत्तरं आता फक्त कॉल सेंटरमधून येत नाहीत. ती ग्राहकांच्याच तोंडी बसली आहेत. सोसायटीच्या बैठकीत कुणी म्हटलं की रात्री नेट चालत नाही, तर शेजारीच त्याला समजावतात की असं असतंच, चालायचंच.

या प्रत्येक उत्तरात थोडं तथ्य आहे, म्हणून ती इतकी वर्षं टिकली. पण सगळी एकत्र ठेवून वाचली तर अर्थ असा निघतो की पैसे ठरलेले, भरण्याची तारीख ठरलेली, माल मात्र मिळेल तेवढा. मला हे मान्य नाही. बिल ठाम आकड्यात येत असेल तर वेगही ठाम आकड्यात विकला गेला पाहिजे. आणि तो आकडा पहाटे चारचा असून चालणार नाही. घरातली सगळी माणसं घरी असतात, मुलं व्हिडिओवर शिकत असतात, कुणी परदेशातल्या कार्यालयाशी बोलत असतं, त्या रात्री नऊचा तो असला पाहिजे.

पहिलं उत्तर ‘पर्यंत’चं. कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी ते पुरेसं आहे, असं कंपन्यांना वाटतं. पण होर्डिंगवर दिसतो तो तीन अंकी आकडा. त्याला जोडलेली अट तळाशी, बारीक टाइपात आणि बहुधा इंग्रजीत असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यात खुलाशांबद्दल स्पष्ट नियम आहेत. खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत हवा आणि त्याचा टाइपही दाव्याचाच हवा. शिवाय दिशाभूल करणारा दावा खुलासा जोडून दुरुस्त करता येणार नाही. ही कसोटी मराठीत छापलेल्या इंटरनेटच्या जाहिरातींना लावून पाहा. वर मराठीत ‘सुपरफास्ट’ आणि ‘अमर्याद’, खाली इंग्रजीत अटी, अशी प्रत्येक जाहिरात या तत्त्वांच्या विरोधात जाते. दिशाभूल सिद्ध झाली तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम तयार आहेत, ते वापरायचे तेवढे बाकी आहेत.

‘पर्यंत’ची भाषा जगभर होती आणि काही देशांनी ती मोडली. ब्रिटनमध्ये पूर्वी एखादा वेग फक्त दहा टक्के ग्राहकांना, तोही कोणत्याही वेळी मिळाला, तरी तो जाहिरातीत छापता येत असे. २३ मे २०१८पासून तिथल्या जाहिरात नियामकांनी नियम बदलला. रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना जो वेग मिळतो, तोच छापायचा. परिणाम लगेच दिसला. साध्या तांब्याच्या तारेवरच्या ज्या योजना ‘१७ एमबीपीएसपर्यंत’ म्हणून विकल्या जात होत्या, त्या १० किंवा ११ एमबीपीएस म्हणून विकाव्या लागल्या. तारा त्याच, एक्स्चेंज तेच, फक्त आकडा खरा झाला. खरा आकडा छापणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, असं कुणी सांगत असेल तर त्याचं उत्तर या एका बदलात आहे. वेग कंपन्यांना आधीपासून माहीत होता, तो सांगण्याची सक्ती नव्हती.

दुसरं उत्तर सामायिक नेटवर्कचं. ते खरं आहे आणि त्यात काही गैरही नाही. प्रत्येक घराला स्वतंत्र वाट द्यायची म्हटलं तर बिल कुणाला परवडणार नाही. प्रश्न आहे तो किती जणांत वाटलं जातं आणि ते ग्राहकाला कळतं का, हा.

घरोघरी येणाऱ्या फायबरचं गणित पाहा. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन तंत्रात एका फायबरवर खाली येणारा वेग सुमारे २,४८८ एमबीपीएस असतो आणि तो सहसा ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोराने डेटा ओढला तरी प्रत्येकाच्या वाट्याला ७७ एमबीपीएस येतात, ६४ घरांत ३८. प्रत्यक्षात सगळी घरं एकाच क्षणी कधीच ओढत नाहीत. म्हणजे वस्तीतल्या यंत्रापासून घरापर्यंतची वाट बहुतेक वेळा पुरेशी असते. शंभरची योजना घेतलेल्या घरात रात्री नऊला दहा एमबीपीएस येत असतील, तर अडचण सहसा त्या वाटेच्या पलीकडे असते. ती असते वस्तीतल्या यंत्रापासून शहराच्या केंद्रापर्यंतच्या जोडणीत, किंवा कंपनीने मोठ्या पुरवठादाराकडून विकत घेतलेल्या क्षमतेत. ही क्षमता पैसे टाकून वाढवता येते. निसर्गाने घातलेली ती मर्यादा नाही. क्षमता किती घ्यायची आणि तिच्यावर ग्राहक किती चढवायचे, हे कंपनी ठरवते.

या चढवण्याला नियामकाचीही मुभा मिळाली. मार्च २००९मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सेवेच्या दर्जासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास आणि व्यावसायिक ग्राहकांसाठी एकास तीस हे प्रमाण होतं. पन्नास घरांना प्रत्येकी शंभर एमबीपीएस विकायचे आणि त्या सगळ्यांमागे शंभर एमबीपीएस ठेवायचे, तरी ते त्या प्रमाणात बसतं. ज्या काळात लोक ईमेल उघडत आणि बातम्या वाचत, त्या काळी हे प्रमाण चालून गेलं असेल. आज संध्याकाळी एका घरात दोन-तीन पडद्यांवर एकाच वेळी व्हिडिओ चालतो. तो सलग ओढला जातो, पानागणिक थांबत नाही. त्याच सूचनांत हे प्रमाण दर तिमाहीला संकेतस्थळावर जाहीर करण्याची अपेक्षाही होती. आपल्या इमारतीतल्या जोडणीचं प्रमाण किती, हे किती ग्राहकांना ठाऊक आहे? ते जाहिरातीत, बिलावर, करारात कुठेच ठळकपणे येत नाही. सामायिक असण्याला माझा विरोध नाही. ते लपवून स्वतंत्र असल्यासारखं विकण्याला आहे.

मोजमापातली पळवाटही इथेच आहे. ट्रायच्या २००६च्या दर्जाविषयक नियमांनी विकलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग देण्याचं बंधन घातलं होतं, पण ते सेवादात्याच्या नोडपासून ग्राहकापर्यंत. २५ जानेवारी २०२३ला सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली. तीही सेवादात्याच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतची, आणि तेवढ्या वेगाची क्षमता असणं तिला पुरेसं आहे. माझ्या घरापासून कंपनीच्या दारापर्यंतचा रस्ता उत्तम आणि दाराच्या पुढे खोळंबा, अशी स्थिती असली तरी नियम पाळला गेला असं म्हणता येतं. ग्राहक मात्र कंपनीच्या दारापर्यंत जाण्यासाठी पैसे भरत नाही. त्याला त्याच्या पुढे जायचं असतं.

पेट्रोल पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं. शंका आली तर ते मागून घेऊन, समोर पेट्रोल भरून पाहण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि त्या मापावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. पंपमालकाने स्वतःचं भांडं आणून ते भरून दाखवलं तर कुणी मान्य करणार नाही. इंटरनेटच्या बाबतीत आपण नेमकं तेच मान्य केलं आहे. तक्रार केली की तंत्रज्ञ येतो, स्पीड टेस्ट लावतो, आकडा पूर्ण येतो आणि तो म्हणतो, आमच्याकडून फुल स्पीड आहे. ही चाचणी बहुधा जवळात जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो अनेकदा त्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये असतो. म्हणजे इथेही मोजला गेला तो कंपनीच्या दारापर्यंतचाच रस्ता. व्हिडिओ जिथून येतो, कार्यालयाचं काम जिथे चालतं, तिथपर्यंतचा वेग त्यातून कळत नाही. नेटफ्लिक्सने मे २०१६मध्ये स्वतःची वेगचाचणी सुरू केली, ती आपल्या सर्व्हरपासून ग्राहकापर्यंतचा वेग मोजते. दोन्ही चाचण्या रात्री लागोपाठ लावून पाहाव्यात. दोन्हींत दरवेळी मोठी तफावत दिसली, तर खोळंबा कुठे आहे याचा अंदाज येतो.

तिसरं उत्तर वायफायचं, आणि ते सर्वांत चिवट आहे कारण ते अनेकदा बरोबर असतं. जाड भिंती, जुना फोन, शेजारच्या दहा राउटरांनी भरून गेलेली २.४ गिगाहर्ट्‌झची पट्टी, यांमुळे वेग खरोखर पडतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दोष वायफायचा की जोडणीचा, हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडा, बाकी सगळी उपकरणं बंद करा, पहाटे सहाला आणि रात्री नऊला तीच चाचणी लावा. पहाटे ९५ आणि रात्री १२ आले, तर वायफायचा संबंधच उरत नाही. शिवाय घरातल्या भिंती पहाटे आणि रात्री त्याच असतात. दिवसभरात बदलते ती पलीकडची गर्दी. कॉल सेंटरने राउटर बंद करून चालू करायला सांगण्याआधी हा एक प्रश्न विचारला पाहिजे की वेग कोणत्या वेळी पडतो. तो प्रश्न विचारला जात नाही, कारण त्याचं उत्तर कंपनीकडे बोट दाखवण्याची शक्यता असते.

आता चौथं उत्तर, न्याय्य वापराचं. याचं नावच असं ठेवलं आहे की विरोध करणारा अन्यायाच्या बाजूचा वाटावा. आपल्याकडच्या अनेक ‘अमर्याद’ फायबर योजनांत महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. ती संपली की वेग काही एमबीपीएसवर आणला जातो. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, दिवसाला सुमारे १,०८० जीबी. जाहिरातीतला वेग सलग वापरला तर महिन्याची मर्यादा तीन दिवसांत संपते. कुणी तसं वापरत नाही, हे मला मान्य आहे, आणि बहुतेक घरांना ३,३०० जीबी पुरून उरतात हेही मान्य आहे. मग ‘महिन्याला ३,३०० जीबी’ असंच छापावं. मोठा आकडा आहे, तो सांगायला संकोच कशाला? मर्यादा असलेल्या वस्तूला अमर्याद म्हणणं हे खोटं विधान आहे. बहुतेकांना ते जाणवत नाही, म्हणून ते खरं ठरत नाही.

मर्यादेचं समर्थनही टिकत नाही. सांगितलं जातं की काहींच्या अतिवापराने बाकीच्यांचा वेग पडू नये म्हणून ही सोय आहे. पण गर्दी होते ती ठरावीक वेळी, आणि मर्यादा मोजली जाते महिन्याच्या एकूण वापरावर. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. पहाटे तीनला नेटवर्क मोकळं असताना कुणी मोठी फाइल उतरवली तर कुणाचं काही बिघडत नाही, तरी ती त्याच्या मर्यादेत धरली जाते. उलट ज्याने महिनाभर फक्त रात्री नऊलाच वापर केला, म्हणजे खरी गर्दी वाढवली, तो मर्यादेच्या आत राहिला तर त्याला काहीच बंधन नाही. आणि मर्यादा ओलांडलेल्याचा वेग पहाटेच्या मोकळ्या वेळीही दाबूनच ठेवला जातो. गर्दीचं नियोजन असं नसतं. हे किमतीचं नियोजन आहे. वरची योजना घ्यायला लावण्याचा तो मार्ग आहे. व्यापारात तो चालू शकतो, पण मग त्याला न्यायाचं नाव देऊ नये.

अमेरिकेत हा वाद नियामकांपर्यंत गेला. एटी अँड टीने ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या मोबाइल योजनांच्या ग्राहकांचा वेग २०११पासून ठरावीक वापरानंतर कमी करायला सुरुवात केली. काहींच्या बाबतीत ही मर्यादा महिन्याला अवघी २ जीबी होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४मध्ये खटला भरला, तेव्हा असे ग्राहक किमान पस्तीस लाख असल्याचं म्हटलं होतं. २०१९मध्ये कंपनीने सहा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तिथे आक्षेप होता तो अमर्याद म्हणून विकण्याला आणि वेग दाबला जाईल हे पुरेशा स्पष्टपणे न सांगण्याला. वेग कमी करण्याचा अधिकार हा तिथला मूळ वाद नव्हता. आपल्याकडे मागणी करायची ती याच पायावर केली पाहिजे.

ट्रायने ३१ ऑक्टोबर २०१६च्या निर्देशात स्थिर ब्रॉडबँडसाठी मर्यादेनंतरचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली जाऊ नये असं बजावलं. वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोचला की ग्राहकाला कळवण्याचीही सक्ती केली. त्या वेळी ५१२ केबीपीएस ही सरकारी व्याख्येतली ब्रॉडबँडची किमान पातळी होती, म्हणून तळरेषा तिथे आखणं सुसंगत होतं. २०२३मध्ये व्याख्या चौपट वर गेली. तर्क पाळायचा तर मर्यादेनंतरची तळरेषाही २ एमबीपीएस हवी. ज्याला सरकार ब्रॉडबँड म्हणत नाही, ते ब्रॉडबँडच्या बिलावर विकता येऊ नये.

मोबाइलवर परिस्थिती याहून बिकट आहे, आणि महाराष्ट्रातल्या खेड्यांत बहुतेकांचं इंटरनेट म्हणजे मोबाइलच. दिवसाला दीड जीबीची योजना पन्नास एमबीपीएसने वापरली तर चार मिनिटांत संपते. त्यानंतर अनेक प्रीपेड योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो. हा ब्रॉडबँडच्या किमान वेगाचा एकतिसावा हिस्सा. दोन मेगाबाइटचा एक कागद या वेगाने चढवायला किंवा उतरवायला, काहीही अडथळा न येता, चार मिनिटांहून जास्त लागतात. शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला असे पाच-सहा कागद जोडायचे असतात. मध्येच पान कालबाह्य झालं तर पुन्हा पहिल्यापासून. शासनाने सातबारा, पीकनोंदणी, दाखले, परीक्षांचे अर्ज सगळं ऑनलाइन नेलं, ते चांगलंच झालं. पण त्यामुळे वेग दाबणं ही फक्त मनोरंजनात व्यत्यय आणणारी गोष्ट राहिलेली नाही. शेवटच्या तारखेला ज्याचा डेटा संपला, त्याचा हक्क त्या ६४ केबीपीएसमध्ये अडकतो.

वेग आमच्या हातात नसतो, टॉवरपासूनचं अंतर, गर्दी, हवामान अशा अनेक गोष्टींवर तो अवलंबून असतो, हेही मोबाइल कंपन्यांकडून नेहमी ऐकायला मिळतं. मग २०२० साल आठवा. व्होडाफोन आयडियाने रेडएक्स ही महागडी योजना विकताना ५० टक्क्यांपर्यंत अधिक वेगाचं आश्वासन दिलं होतं, आणि एअरटेलने ४९९ रुपये व त्यापुढचं बिल भरणाऱ्या प्लॅटिनम ग्राहकांना ४जीवर प्राधान्य देऊ केलं होतं. जुलै २०२०मध्ये ट्रायने दोन्ही योजना रोखल्या आणि विचारलं की काही ग्राहकांना प्राधान्य दिल्यावर बाकीच्यांच्या सेवेचं काय होणार. व्होडाफोन आयडिया दूरसंचार लवादात गेली आणि तिला तात्पुरता दिलासा मिळाला. नंतर ऑगस्टमध्ये ट्रायने या योजनेचे दावे दिशाभूल करणारे असल्याचं सांगत तिला कारणे दाखवा नोटीस काढली. या प्रकरणातून एक गोष्ट कायमची सिद्ध झाली. कोणत्या ग्राहकाला किती वेग द्यायचा हे ठरवण्याचं तंत्र कंपन्यांच्या हातात आहे. जास्त पैसे देणाऱ्याला जास्त वेगाचं वचन देता येत असेल, तर साध्या ग्राहकाला किमान वेगाचं वचनही देता येतं.

नेट न्यूट्रॅलिटीचे नियम आपल्याकडे आहेत, मग वेग दाबता कसा येतो, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. फेब्रुवारी २०१६मध्ये ट्रायने आशयानुसार वेगळा दर लावण्यावर बंदी घातली. २०१८मध्ये सरकारने परवान्याच्या अटींतही आशयावरून भेदभाव करण्यास मनाई केली. लाखो नागरिकांनी पत्रं लिहून मिळवलेला तो मोठा विजय होता. पण तो नियम आहे एका संकेतस्थळाला जलद आणि दुसऱ्याला मंद करण्याविरुद्धचा. ग्राहकाचं सगळंच इंटरनेट सारखंच मंद केलं तर तो मोडत नाही. आणि एखादीच सेवा मंद केली जात असेल, तर घरात बसलेल्या माणसाने ते कशाने सिद्ध करावं? कंपनी गर्दीच्या वेळी कोणते उपाय योजते, यावर लक्ष ठेवण्यासाठी सर्व संबंधितांची एक संस्था नेमावी, अशी शिफारस ट्रायने सप्टेंबर २०२०मध्ये केली होती. त्या शिफारशीमागची गरज आजही तेवढीच आहे.

पाचवं उत्तर स्वस्ताईचं. भारतातला डेटा जगातल्या सर्वांत स्वस्तांपैकी आहे, हे खरं. जुलै २०२४मध्ये तिन्ही मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले, तरीही ते खरंच आहे. पण स्वस्त विकणाऱ्याला कमी मोजण्याची मुभा मिळत नाही. पाचशे रुपयांत रात्री तीस एमबीपीएस देणं परवडत असेल तर पाचशे रुपयांत तीस एमबीपीएस असं छापा. मी ते आनंदाने घेईन, आणि लाखो लोक घेतील. आज मात्र प्रामाणिकपणे तीस देणारा आणि शंभर छापून बारा देणारा, दोघे एकाच बाजारात उभे आहेत, आणि होर्डिंगवर शंभरवालाच मोठा दिसतो. खोट्या आकड्याचा पहिला बळी ग्राहक आहे, दुसरा आहे प्रामाणिक सेवादाता. ज्या छोट्या केबलवाल्याने खरोखर क्षमता विकत घेतली, त्याला ते सांगण्याची सोयच उरलेली नाही.

कंपन्या एकमेकींच्या दाव्यांवर मात्र हिरिरीने लढतात. एअरटेलच्या ४जी ‘स्पीड चॅलेंज’ची जाहिरात जाहिरात मानक परिषदेने २०१५मध्ये दिशाभूल करणारी ठरवली. २०१७मध्ये त्याच कंपनीच्या ‘सर्वांत वेगवान नेटवर्क’ या दाव्यावर जिओने तक्रार केली आणि परिषदेने ती जाहिरात बदलायला किंवा मागे घ्यायला सांगितलं. दोन्ही वाद सर्वांत वेगवान कोण यावर होते. ग्राहकाला किमान किती मिळेल, यावर कुठल्याही कंपनीने अशी लढाई केलेली मला आठवत नाही.

राहिलं शेवटचं उत्तर, दुसरी कंपनी घेण्याचं. मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११पासून आहे. घरच्या फायबरला तशी सोय नाही. नवी तार ओढायची, जोडणीचा खर्च द्यायचा, राउटर परत करायचा, अनामत रक्कम परत मिळण्याची वाट पाहायची. त्यातच सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरले तर सवलत मिळते, म्हणून लोक आगाऊ भरतात आणि अडकतात. अनेक नव्या इमारतींत बिल्डरने किंवा सोसायटीने एकाच कंपनीला आत घेतलेलं असतं. तालुक्याच्या गावांत आणि वाड्यांवर एकच तार पोचलेली असते. आणि जिथे पर्याय आहेत तिथेही निवड कशाच्या आधारे करायची? सगळ्यांच्याच जाहिरातींवर कमाल आकडे असतील तर तुलना कमाल आकड्यांचीच होणार. खरी माहिती नसलेल्या बाजारात निवडीचं स्वातंत्र्य नुसतं नावाला असतं.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत.

जाहिरातीत, करारात आणि दर महिन्याच्या बिलावर संध्याकाळी सात ते रात्री अकरा या वेळेतला किमान वेग छापावा, कमाल आकड्याइतक्याच मोठ्या टाइपात आणि जाहिरातीच्याच भाषेत. युरोपीय संघाच्या २०१५च्या नियमाने स्थिर जोडणीच्या करारात किमान, नेहमी मिळणारा, कमाल आणि जाहिरातीतला, असे चारही वेग लिहिणं बंधनकारक केलं आहे. तिथल्या कंपन्यांना जे जमतं ते इथल्यांना जमायला हवं.

मोजणी कंपनीच्या दारापर्यंत न थांबता त्याच्या पुढे, जिथे वेगवेगळ्या नेटवर्कची अदलाबदल होते तिथपर्यंत व्हावी आणि त्रयस्थाने करावी. ब्रिटन आणि अमेरिकेच्या नियामकांनी घरोघरी स्वयंसेवकांच्या राउटरला छोटी मोजणी यंत्रं जोडून वर्षानुवर्षं अशी आकडेवारी कंपनीनिहाय प्रसिद्ध केली आहे. ट्रायचं मायस्पीड अ‍ॅप २०१६पासून आहे. त्याला स्थिर ब्रॉडबँडसाठी अशा तारेवरच्या मोजणीची जोड द्यावी.

छापलेल्या किमान वेगापेक्षा कमी मिळाला तर बिलातून रक्कम आपोआप वजा व्हावी. महिनाभरात दुरुस्ती झाली नाही तर दंडाशिवाय, आगाऊ भरलेले पैसे परत घेऊन बाहेर पडता यावं. ब्रिटनच्या आचारसंहितेत २०१९पासून तीस दिवसांनंतर बाहेर पडण्याचा असा हक्क आहे. ऑस्ट्रेलियात २०१७मध्ये एकट्या टेल्स्ट्राला सुमारे ४२ हजार ग्राहकांना भरपाई द्यावी लागली, कारण त्यांच्या तारेवर विकलेला वेग मिळणंच शक्य नव्हतं. आपल्या २०२४च्या नव्या दर्जाविषयक नियमांनी जिल्हाभर चोवीस तासांहून अधिक काळ सेवा बंद राहिली तर सवलतीची तरतूद केली, हे स्वागतार्ह आहे. पण ती सेवा बंद पडण्याची भरपाई आहे, मंदावण्याची नाही. ग्राहकाचं नुकसान बहुतेक वेळा मंदावण्यानेच होतं.

आणि डेटाची मर्यादा असलेल्या कुठल्याही योजनेला अमर्याद म्हणू देऊ नये.

हे होईपर्यंत आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. तारेने जोडून रात्री आणि पहाटे मोजा, पडद्याची चित्रं तारखेसह जपून ठेवा. तक्रार तोंडी करू नका, क्रमांक घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे तीस दिवसांत जा. ट्रायच्या २०१२च्या नियमांनुसार त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असं अजूनही सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ला तो समज खोडून काढला. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्कही लागत नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एकट्याने जाऊ नका. सारखंच गाऱ्हाणं असलेल्या अनेकांच्या वतीने एकाला तक्रार करता येते, ही तरतूद कायद्यात आहे. एका घराची तक्रार वायफायवर ढकलता येते. एकाच इमारतीतल्या चाळीस घरांनी एकाच रात्री, तारेने मोजलेले आकडे पुढे ठेवले तर ते ढकलता येत नाहीत. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली ती याच समजुतीवर, की विखुरलेल्या ग्राहकाचं कुणी ऐकत नाही. वजनमापात फसवणूक होते म्हणून त्या पिढीने संघटित होऊन व्यापाऱ्यांना जाब विचारला. आता घरात येणारा सर्वांत मोठा दैनंदिन माल डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचंही माप असतं, त्याचेही पैसे आपण मोजतो. सोसायटीची पुढची बैठक होईल तेव्हा नेटचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या, कंपनीच्या माणसाला बोलवा आणि त्याच्याकडून एकच आकडा लेखी मागा: रात्री नऊ वाजता, तारेवर, किमान किती?